मामंजींच्या डिस्चार्ज बुकात राहून गेलेली दोन मेडलं

आमच्या भागात फौजेतून पेन्शनवर आलेल्या माणसाच्या घरात एक काळी पत्र्याची ट्रंक असतेच. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेलं. त्या ट्रंकेत सात-बाराचे उतारे, रेशनकार्ड, सोसायटीच्या पावत्या आणि सगळ्यांत खाली मेणकापडात गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, बुकही असंच होतं. त्यात भरतीची तारीख आहे, १९६६ची. उंची, छाती, ओळखीची खूण म्हणून डाव्या भुवईवरचा व्रण. १९८१ साली नाईक हुद्द्यावरून पेन्शनवर पाठवल्याची नोंद. आणि मेडलांच्या रकान्यात दोनच ओळी: स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल.

१९७१च्या लढाईचं काही नाही. पूर्व आघाडीचं 'पूर्वी स्टार' नाही, संग्राम मेडल नाही. आणि हा माणूस त्या डिसेंबरात मेघालयातल्या तुऱ्याहून खाली ब्रह्मपुत्रेपर्यंत दारूगोळ्याचा शक्तिमान ट्रक चालवत होता.

मी तालुक्याच्या पोस्टात नोकरी करते. नोव्हेंबर आला की आमच्या खिडकीवर हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या फौजींची रांग लागते. यंत्रावर बोटांचे ठसे उमटत नाहीत, स्पर्श या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत नावाचं स्पेलिंग वेगळं असतं, आधारवर जन्मतारीख वेगळी असते. एका अक्षरावरून पेन्शन अडते आणि माणूस घाबराघुबरा होतो. तो पेन्शनसाठी धावतो, कारण तिथे पैसे आहेत. मेडलांच्या रकान्याकडे मात्र कुणी बघत नाही. त्या रकान्याला पैसे जोडलेले नाहीत, पेन्शन त्यानं एक रुपयानं वाढत नाही. म्हणूनच मी हे लिहिते आहे. ज्या नोंदीतून काही मिळत नाही, ती नोंदही खरी असायला पाहिजे.

शौर्यपदक आणि मोहिमेचं मेडल यांत लोक फार गल्लत करतात, म्हणून आधी ते सांगते. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र ही शौर्यपदकं. त्यांची शिफारस त्या वेळच्या कमांडरनं करायची असते आणि ती एकेका पायरीनं वर तपासली जाते. पन्नास वर्षांनी नातवानं अर्ज करून ती मागायची गोष्ट नाही, आणि तसं कुणी करूही नये. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल ही वेगळी गोष्ट आहे. १९७३ साली ही मेडलं ठरली. पूर्वेकडच्या आघाडीवर ठरवून दिलेल्या क्षेत्रात ठरवून दिलेल्या काळात जो होता, त्याला पूर्वी स्टार. पश्चिमेकडे होता, त्याला पश्चिमी स्टार. त्या लढाईसाठी ठरवून दिलेल्या काळात ठरावीक भागांत ज्यांनी नोकरी केली, त्यांना संग्राम मेडल. तुम्ही किती शूर होता हा प्रश्नच त्यात नाही. तुम्ही तिथे होता की नव्हता, एवढाच प्रश्न आहे. होता, तर ते मेडल तुमचं आहे. ते कुणी मेहेरबानीनं द्यायचं नाही आणि तुम्ही हात पसरून मागायचं नाही. कागद चुकला असेल तर तो दुरुस्त करून घ्यायचा.

मामंजींना हे पटवायला मला बराच काळ लागला. "आगं पोरी, ज्यांची पोरं तिकडंच राहिली त्यांनी काय करायचं? मी जिता माघारी आलो, त्येच मेडल," असं म्हणून ते विषय मोडायचे. त्यांच्या गाडीच्या मागच्या गाडीतला साथीदार सुरुंगात गेला होता. ते नाव ते घेत नाहीत, म्हणून मीही इथे घेत नाही.

विषय निघाला तो २०२१ साली. १६ डिसेंबर २०२० रोजी दिल्लीत विजय मशाल पेटवली होती आणि पुढचं वर्षभर देशात १९७१च्या जवानांचे सत्कार चालू होते. आमच्याकडेही एका कार्यक्रमाची यादी तयार होत होती. यादी करणारा तरुण घरी आला, डिस्चार्ज बुक मागितलं, रकाना बघितला आणि म्हणाला, "आजोबा, यात एकाहत्तरचं काहीच नाही. तुमचं नाव कसं घालू?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या हातात कागद होता आणि कागदावर जे होतं ते त्यानं वाचलं. मामंजी "बरं" म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला सैपाकघरात ओढून सांगितलं, "ह्ये मेडलाचं सोड म्हणत्यात, पर सोडल्यालं न्हाई त्येंनी."

आमच्या ह्यांना वाटलं, उपाय सोपा आहे. पुण्याला कँपात मेडलांची दुकानं आहेत. तिथे फितीसकट सगळी मेडलं मिळतात, बारवर चढवून देतात. ह्यांनी पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल आणलं, डबीत ठेवलं आणि वडिलांच्या पुढ्यात ठेवलं. मामंजींनी डबी उघडली, बघितली, बंद केली. "इकत घेतल्यालं मेडल छातीला लावायचं? माझ्या बुकात न्हाई ती गोष्ट माझ्या छातीवर कशी यील?" त्या दोन वाक्यांनी मला काय करायचं ते कळलं. धातूचा तुकडा नंतर. आधी नोंद.

आता नोंद राहिली कशी, हे समजून घ्यायला मला पोस्टातल्या कामाचा उपयोग झाला, कारण टपालही असंच हरवतं. पिशवी एका ऑफिसातून निघते आणि दुसऱ्यात पोचते, त्या मधल्या हस्तांतरात. फौजेत शिपायाच्या बाबतीतली प्रत्येक गोष्ट युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये छापली जाते. सुट्टीवर गेला, लग्न झालं, पोरगं झालं, कोर्स केला, दवाखान्यात गेला, बदली झाली. त्यावरून रेकॉर्ड ऑफिसातल्या शीट रोलवर, म्हणजे शिपायाच्या सेवापत्रकावर, ओळ चढते. माणूस युनिट सोडतो तेव्हा एस.ओ.एस., म्हणजे त्या युनिटच्या संख्येतून कमी. नव्या युनिटात हजर होतो तेव्हा टी.ओ.एस., म्हणजे संख्येत जमा. या दोन ओळींच्या मध्ये माणूस कुणाचाच नसतो.

मामंजींची मूळ कंपनी नोव्हेंबर १९७१मध्ये दुसरीकडेच होती. त्यांची गाड्यांची तुकडी तेवढी पूर्वेकडे दुसऱ्या फॉर्मेशनला, म्हणजे दुसऱ्या मोठ्या सैन्यगटाला, जोडून दिली होती. लढाई संपली, आणि जानेवारी १९७२मध्ये गारो टेकड्यांतल्या एका उतारावर त्यांचा ट्रक घसरून खाली गेला. गळपट्टीचं हाड मोडलं. मिलिटरी हॉस्पिटल, मग सिक लीव्ह, मग परस्पर नव्या युनिटात बदली. १९७३ साली मेडलं जाहीर झाली आणि युनिटांनी आपापल्या लोकांच्या नावांच्या याद्या पाठवल्या, तेव्हा जुन्या युनिटच्या पटावर हे नव्हते. नव्या युनिटला वाटलं, जुन्यानं पाठवलं असेल. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल मात्र बिनबोभाट मिळालं, कारण त्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी नोकरीत असणं एवढीच अट होती आणि त्या दिवशी ते नव्या युनिटच्या पटावर होते. म्हणजे त्यांच्या बुकातल्या दोन ओळीच सांगत होत्या की तिसरी आणि चौथी कुठे पडली. कुणी मुद्दाम केलं असं मला अजिबात वाटत नाही. पण मुद्दाम न केलेली चूकही चूकच असते, आणि ती भरून काढायला पन्नास वर्षांनी कुणीतरी बसावं लागतं.

जोडून दिलेली माणसं हा या सगळ्या प्रकरणातला कच्चा दुवा आहे. ड्रायव्हर, सिग्नलवाले, दवाखान्याच्या गाड्यांवरचे, आचारी, न्हावी. पलटणीतल्या शिपायाचा पलटणीबरोबर हिशेब होतो. पलटण तिथे होती म्हणजे तो होता. जोडून दिलेल्या माणसाचं घर एकीकडे आणि काम दुसरीकडे. तुमच्या घरात असा कुणी असेल तर त्याचा रकाना आधी बघा.

मी कागद शोधायला सुरुवात केली तेव्हा आत्याबाईंना विचारलं, त्या वेळची पत्रं आहेत का. "हायत की. मी कवा टाकली?" आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नाही. मामंजींची पत्रं आली की त्या शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्यायच्या. पण प्रत्येक पत्र त्यांनी जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून धान्याच्या कणगीमागे ठेवलं होतं. मामंजींनी परत येताना आणलेली, त्यांना घरून गेलेली पत्रंही त्यातच होती. त्या गाठोड्यानं जे काम केलं ते कुठल्याही वकिलानं केलं नसतं.

पत्त्यावर त्यांचा नंबर, नाव, तुकडी आणि शेवटी: ९९ ए.पी.ओ., म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पोस्टातल्या माणसाला या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. फौजेच्या टपालावर गावाचं नाव नसतं. ५६ ए.पी.ओ. म्हणजे दिल्लीहून पुढे जाणारं टपाल आणि ९९ ए.पी.ओ. म्हणजे कलकत्त्याहून पूर्वेकडे जाणारं. मूळ कंपनीच्या पत्त्यावरची ऑक्टोबरमधली पत्रं ५६ची होती. त्यानंतरची ९९ची.

काही पाकिटांवरचा शिक्का पुसट झाला होता, तारीख लागत नव्हती. पण घरून गेलेल्या त्या पाकिटांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जादा तिकीट होतं. शरणार्थी सहायता. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित येत होते म्हणून सरकारनं १५ नोव्हेंबर १९७१पासून टपालावर हा पाच पैशांचा अधिभार लावला होता, तो मार्च १९७३अखेर चालला. ते तिकीट चिकटवलेलं पाकीट १५ नोव्हेंबरच्या आधीचं असूच शकत नाही. मी ते पाकीट हातात घेऊन किती वेळ बसले होते ते मला सांगता येणार नाही. माणदेशातल्या एका शेतकऱ्यानं आपल्या लेकाला लिहिताना पाच पैसे जास्त मोजले, आणि तेच पाच पैसे लेक कुठे होता त्याची साक्ष देत होते.

आत पत्रात लढाईचं काहीच नव्हतं. पाऊस झाला नाही, शाळू हातभर येऊन वाळला, वासरू दगावलं, पैसे पोचले. १९७२चा दुष्काळ येत होता, त्याची पहिली पावलं त्या पत्रांत आहेत. एक लढाई इकडेही चालू होती.

पत्रं वाचून दाखवायला लागल्यावर मामंजी बोलायला लागले. याआधी ते कधी एवढं बोलले नव्हते. कमालपूरची चौकी ४ डिसेंबरला पडली, त्यानंतर रस्ता मोकळा झाला. रस्ता म्हणजे काय, चिखल आणि भाताची खाचरं. नदीपर्यंत गाड्या जायच्या, पुढे सगळं सामान बैलगाड्यांवर आणि होड्यांवर. तिथले गावकरी स्वतःचे बैल घेऊन यायचे, कुणी पैसे विचारायचं नाही. जामालपूर ११ डिसेंबरला पडलं. त्या सकाळी मामंजी नदीकाठी पेट्या उतरवत होते, तेव्हा पलीकडून त्यांना 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ऐकू आलं. पहिली मराठा, जंगी पलटण, जामालपूरच्या लढाईत होती हे मामंजींना ठाऊकही नव्हतं. "डोळं लाल, दाढी वाढल्याली, आन् तोंडात आपली भाषा. एकाला म्हनलं गाव कंचं, तर म्हनला कोरेगाव. म्या त्येला माझ्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी दिलं. दोघं बी रडलो." त्याच दिवशी दुपारी पुढे टांगाईलला छत्रीधारी सैनिक उतरले, ती दुसरी पॅरा. तीही मुळात मराठा पलटणच. आणि पाच दिवसांनी ढाक्यात जनरल नियाझींनी जनरल अरोरांपुढे सही केली. मामंजी तेव्हा ढाक्यात नव्हते, मागे गाडीचं एक्सल दुरुस्त करत होते. हे त्यांनी आवर्जून सांगितलं. "ढाक्यात व्हतो आसं लिहू नगंस. नव्हतो."

म्हणून अर्जात तसंच लिहिलं. जिथे होते तिथलं लिहिलं, जिथे नव्हते ते नाही लिहिलं. मला वाटतं, अशा अर्जांत सगळ्यांत जास्त नुकसान वाढवून सांगण्यानं होतं. कुणी कारकून तपासायला बसला आणि त्यात एक गोष्ट खोटी निघाली की खरी असलेली दहाही पडतात.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांनी अर्जाचा मसुदा बघून दिला. ते स्वतः माजी सुभेदार. त्यांनी सांगितलं ते असं: अर्ज माजी सैनिकाच्या स्वतःच्या सहीनं पाहिजे, सुनेच्या नाही. नंबर, हुद्दा, नाव डिस्चार्ज बुकात आहे तसंच, अक्षरही बदलायचं नाही. त्या काळातलं मूळ युनिट आणि जोडून दिलेली फॉर्मेशन दोन्ही लिहा. डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची प्रत, पी.पी.ओ.ची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत, ओळखपत्र. आणि मागणी एका वाक्यात: अमुक मेडलांची नोंद माझ्या सेवा-कागदांत करावी. "इतिहास लिहू नका," ते म्हणाले. "इतिहास सोबत जोडा."

पहिलं उत्तर आलं ते चार ओळींचं. आपल्या सेवा-कागदांत सदर मेडलांची नोंद आढळत नाही, सबब मेडल देता येत नाही. म्हणजे नोंद नाही म्हणून मेडल नाही, आणि मेडलाची यादी गेली नाही म्हणून नोंद नाही. माझा जीव तळमळला. मामंजी मात्र पहिल्यांदाच हट्टाला पेटले. इतकी वर्षं "सोड" म्हणणारा माणूस ते पत्र वाचून म्हणाला, "आता न्हाई सोडायचं."

मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर मी माझ्याच खिडकीवर, पैसे भरून, मामंजींच्या नावे काढली. अर्जदार तेच. सैन्यदलं या कायद्याच्या बाहेर आहेत असं आमच्याकडे अनेक जण छातीठोक सांगतात; तसं नाही. स्वतःच्या सेवेचे कागद स्वतःला मागता येतात, आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मागणी पुन्हा छोटी: माझ्या शीट रोलची प्रमाणित प्रत, आणि नोव्हेंबर १९७१ ते डिसेंबर १९७२ या काळातल्या माझ्याबद्दलच्या पार्ट टू ऑर्डर. मेडलाचा 'म'ही त्यात नव्हता. मेडल द्या म्हटलं तर नाही म्हणता येतं. कागदाची प्रत द्या म्हटलं तर कागद असेल तर द्यावाच लागतो.

शीट रोलची प्रत आली. झेरॉक्सची झेरॉक्स, कडेला वाळवी लागल्याच्या खुणा, कुठल्यातरी क्लार्कचं तिरपं इंग्रजी अक्षर. मी भिंग घेऊन बसले. बदल्या, सुट्ट्या, लग्नाची नोंद, मोठ्या नणंदेच्या जन्माची नोंद. आणि १९७२च्या सुरुवातीला हॉस्पिटलात दाखल झाल्याची ओळ. जखम कशी झाली, त्यापुढे तीन शब्द: ऑप कॅक्टस लिली.

कॅक्टस लिली हे १९७१च्या त्या मोहिमेचं फौजी नाव. दवाखान्यानं आपलं काम नीट केलं होतं. माणूस कुठल्या मोहिमेवरून आला, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. मेडलाच्या रकान्यातून जे सुटलं होतं ते मोडलेल्या हाडाच्या रकान्यात होतं. त्यांच्याच कागदात, त्यांच्याच शिक्क्याखाली.

दुसऱ्या अर्जात फार काही लिहिलं नाही. शीट रोलच्या त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ, सोबत जोडून दिल्याची पार्ट टू ऑर्डर, ९९ ए.पी.ओ.ची दोन पाकिटं आणि त्यांवरच्या तिकिटाबद्दल तीन ओळींचा खुलासा. यानंतरही नाही म्हटलं असतं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबईत खंडपीठ आहे, तिकडे जायची आमची तयारी होती. वेळ आली नाही. ज्या कुणी तो अर्ज हातात घेतला त्यानं तो वाचला होता, हे उत्तरावरून कळत होतं, कारण उत्तरात पाकिटांचाही उल्लेख होता. आपण दोन मेडलांना पात्र आहात, पार्ट टू ऑर्डर काढली आहे, मूळ डिस्चार्ज बुक नोंदीसाठी पाठवावं.

मूळ बुक पाठवायचं म्हणजे मामंजींच्या जिवावर आलं. ते बुक १९८१पासून घराबाहेर कुठल्याच ऑफिसात राहिलं नव्हतं. मी प्रत्येक पानाचे फोटो काढले, मेणकापडासकट लिफाफ्यात घातलं, कापडात शिवलं, लाख लावून शिक्का मारला आणि रजिस्टर केलं. रोज संध्याकाळी मामंजी विचारायचे, "कुठवर गेलं?" मी मोबाइलवर बघून सांगायची. पिशवी कुठल्या हबला आहे, कधी निघाली. पोस्टातल्या नोकरीचा एवढा अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

बुक परत आलं ते मामंजींनी स्वतः सही करून घेतलं. मेडलांच्या रकान्यात जुन्या दोन ओळींखाली लाल शाईत दोन नव्या ओळी. पूर्वी स्टार. संग्राम मेडल. खाली पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक, सही, गोल शिक्का. शाईचा वास येत होता. मेडलं त्यानंतर बऱ्याच उशिरा आली, मामंजींचा नंबर आणि नाव कोरलेली. पण घरात पेढे वाटले गेले ते लाल शाईच्या दिवशी. आत्याबाईंनी बुकाला हळद-कुंकू लावायला घेतलं, तेव्हा मात्र मी हात धरला. म्हटलं, आत्याबाई, आता यावर काहीही लावायचं नाही.

मामंजी त्या दिवशी यादीवाल्या पोराकडे गेले नाहीत, की कुणाला दाखवायलाही गेले नाहीत. त्यांनी फोन लावला तो मागच्या गाडीतल्या त्या साथीदाराच्या धाकट्या भावाला. त्याला विचारलं, "तुमच्या बुकात बघा, त्येच्या नावापुढं काय लिवलंय?" त्याचं सगळं बरोबर होतं. ते ऐकून मामंजी शांत झोपले.

हे गावात कळल्यापासून लोक ट्रंका उघडायला लागलेत. सध्या माझ्याकडे एका म्हाताऱ्या मावशींचे कागद आहेत. त्यांच्या नवऱ्यानं एकाहत्तरनंतर दोन-तीन वर्षांत घरच्या अडचणीमुळे नोकरी सोडली, पेन्शन बसली नाही. हे प्रकरण अवघड आहे. पेन्शन नसलेल्या शिपायाचे सेवा-कागद नियमाप्रमाणे पंचवीस वर्षं ठेवतात, मग नष्ट करतात. पण रेकॉर्ड ऑफिसात लाँग रोल नावाची एक नोंदवही राहते, तिच्यात प्रत्येकाची एक ओळ असते. तिची प्रत मागायचा अर्ज परवाच गेला. अर्जदार मावशी, सहीच्या जागी अंगठा, दोन साक्षीदार.

त्यांच्याकडे पत्रं नाहीत. मनीऑर्डरीचं एकच कुपन आहे, डिसेंबर १९७१चं, त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आहे पण आकडा अर्धा फाटलाय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्या महिन्यातलं, पूर्वेकडून आलेलं फौजी टपाल असेल, तर त्यावरच्या शिक्क्याचा स्पष्ट फोटो मला पाठवा. जुळवून बघायचं आहे.